तिसरी हाक

या सदरातले अनुभव मी सगळे वाचते. कुणाला जिन्यात बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणीतरी येऊन बसतं. वाचून झालं की मी नातीला म्हणते, "हिला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या." मी अशीच आहे. आमच्या गावी एका बाईच्या अंगात आलं होतं तेव्हा मी तिच्या डोक्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं होतं, आणि ती देवी तिथल्या तिथे उठून पदर पिळायला लागली. तेव्हा आता मी जे लिहितेय ते वाचून कुणी मलाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं तर मी रागावणार नाही. पण प्रश्न डोळ्यांचा नाही. मला काही दिसलेलं नाही. ऐकू आलं.

माझं शिक्षण चौथी. मी हाताने लिहिलंय, टाईप नातीने केलंय. तिचं मराठी अर्धं हिंदी आहे, म्हणून चुका राहिल्या तर अर्ध्या तिच्या.

आम्ही जयपूरला राहतो, वैशाली नगरात. मुलगा विमा कंपनीत अधिकारी आहे. त्याची इकडे बदली झाली, त्याच्यामागून आम्ही दोघं म्हातारे आलो. सून आणि मुलगा दिवसभर कामावर, नात ईशा कॉलेजात. आमचे हे सोलापूरला पोस्टात होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे पत्ते पाठ होते, आता स्वतःचा सांगता येत नाही. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. मुलाचं नाव गेलं, मग माझं गेलं, मग स्वतःचंही. नावाने हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाहीत. पण पाय शाबूत, आणि पायांना चैन नाही. दार उघडं दिसलं की निघाले. एकदा थेट अजमेर रोडपर्यंत गेले होते, ट्रकांच्या मधून चालत. एका रिक्षावाल्याने धरून ठेवलं म्हणून वाचले. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी त्यांना पार्कात चालवून आणते. पाय दमले की रात्री घर सोडत नाहीत.

पार्क आमच्या कॉलनीच्या मागेच आहे, मोठं आहे. पुढचं गेट बाजाराकडे उघडतं, मागचं छोटं गेट गाड्या सुसाट जातात त्या रस्त्यावर. आत गोल फिरायला रस्ता, मधे लॉन. लॉनच्या कडेला एक जुना पिंपळ आणि त्याला लागून निलगिरीची रांग. अगदी मागच्या कोपऱ्यात नर्सरी, आणि नर्सरीच्या आड मुलांची जुनी बाग. तिथे सिमेंटचा एक हत्ती आहे. शेपटीकडून पायऱ्या चढायच्या, सोंडेवरून घसरत यायचं. सोंड मोडलीय म्हणून तो भाग दोरी लावून बंद केलाय. हे सगळं नीट सांगतेय कारण पुढे लागणार आहे.

गोष्ट गेल्या वर्षीची. नवरात्र संपून दिवाळी यायच्या मधले दिवस. इकडे तेव्हा दुपारी चटके आणि संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं असं वारं. आमच्या ओळखीचे एक राठोडजी आहेत, रिटायर्ड, गळ्यात कायम दुर्बीण. या दिवसांत ते नव्या नवरदेवासारखे हिंडतात. बाहेरदेशाची पाखरं यायला लागतात ना. आज थिरथिरा आला, आज धोबीण आली, असं येऊन आम्हाला सांगतात, जसं काही आमच्या घरी बारसं आहे.

त्या संध्याकाळी ते धावतच आले. "भाभीजी, ऊपर देखिए! मेहमान आ गए! कितनी दूर से आते हैं, मालूम है?"

मी वर पाहिलं. पिंपळावर आभाळ हललं. काळा गोळा उठला, लांबट झाला, वळला, परत गोळा झाला. मग एकदम सगळा थवा पिंपळात शिरला आणि कलकलाट सुरू झाला. गुलाबी पोट, काळं डोकं.

"अहो, ह्या तर भोरड्या!" मी म्हणाले. मग हिंदीत सांगितलं, माझ्या हिंदीत. "राठोडजी, ये मेहमान नहीं है. ये चोर है. हमारा जवारी खाता है."

राठोडजी इतके हसले की दुर्बीण पोटावर उडायला लागली. "चोर नहीं भाभीजी, टिड्डियाँ खाते हैं. किसान के दोस्त हैं ये." टिड्डियाँ म्हणजे आपले टोळ.

"तो दोस्त को अपने घर रखो. हमारे खेत में मत भेजो."

ईशा त्या दिवशी बरोबर होती. ती म्हणाली, "आजी, तू पण ना! इतकं सुंदर दिसतंय आणि तुला जवारी."

मग मी त्यांना सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं गाव मंगळवेढ्याकडे. तिथली ज्वारी पुरुषभर उंच होते, आत शिरलेलं पोर बाहेरून दिसत नाही. कणसात दूध भरलं की भोरड्या येतात. एक थवा उतरला तर पसाभर दाणा मागे ठेवत नाही. म्हणून शेतात चार खांब रोवून माळा बांधायचा, आणि वर गोफण घेऊन बसायचं. मी चौथी झाले आणि माळ्यावर बसले. पलीकडच्या शेताच्या टोकाला दुसरा माळा, त्यावर दादा, माझा थोरला भाऊ. दिवसभर ओरडून पाखरं इकडून उठवायची, की तो तिकडून उठवणार. असं करत ती दुसऱ्याच्या शिवारात घालवायची. तिथेही कुणाची तरी पोरं बसलेली असायचीच.

दिवस मावळला की भोरड्या झाडांवर जातात, खूप कलकलाट करतात आणि एकदम गप्प होतात. कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तशा. त्या शांततेत उतरायचं. पण असंच नाही उतरायचं. शिवारात लांडगे होते, साप होते, आणि उंच ज्वारीत पोर चुकायचं. म्हणून तीन हाका. पहिली मी द्यायची — मी उतरते. दुसरी दादाने — ऐकलं, मी वर आहे, बघतोय. मग मी खाली उतरून ज्वारीतून चालायची. मी दिसत नसले तरी माझ्या डोक्यावरची कणसं हलतात ती त्याला वरून दिसायची. बांधावर पोचले की तिसरी हाक माझी — पोचले, आता तू उतर. तिसऱ्या हाकेला ओ नसते. ती ऐकल्याशिवाय वरच्याने उतरायचं नाही, मग अंधार पडो की काही होवो. आमच्याकडची सगळी पोरं असंच करायची. कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

शब्द नसायचे त्या हाकांना. नुसता सूर. पण प्रत्येकाचा वेगळा. दादाची ओ लांब जायची आणि शेवटी एकदम मोडायची, उचकी लागल्यासारखी वर. लोक चिडवायचे त्याला त्यावरून.

मी हे सांगत होते तेव्हा आमचे हे बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मधेच म्हणाले, "मग ओ आली नाही तर?"

कित्येक महिन्यांत ह्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. ईशाने माझा हात दाबला.

"तर उतरायचं नाही," मी म्हणाले.

"बरोबर," हे म्हणाले.

इथे दादाबद्दलही सांगून ठेवते. दादा अजून आहे. गावी मुलाकडे असतो. चार-पाच वर्षांमागे घशाचा कॅन्सर झाला आणि आवाजाची पेटी काढून टाकली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही. आवाज गेल्यापासून फोन जवळ आणला तरी हाताने ढकलतो. मला ते कळतं. मी त्याच्या सुनेशी बोलते, कल्पनाशी. ती सांगते तेवढा माझा भाऊ मला कळतो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी झालं ते.

हे बाकावर बसलेले. राठोडजींनी दुर्बीण माझ्या हातात दिली — "भाभीजी, एक बार देखिए तो अपने चोरों को." मी डोळ्याला लावली. मला काही दिसेना, मग दिसायला लागलं, आणि मग खरंच बघत बसले. चोच, पाय, मानेवरचा तुरा… इतक्या जवळून भोरडी मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. आम्ही तिला दगडाच्या अंतरावरूनच ओळखायचो.

दुर्बीण काढली तर बाक रिकामं. नुसती ह्यांची काठी टेकवलेली.

आधी मी घाबरले नाही. बाकामागे बघितलं, पाण्याच्या नळाकडे बघितलं. मग पुढच्या गेटवर. चौकीदार म्हणाला, इधर से बाबूजी नहीं निकले. मागच्या गेटवर चौकीदार नसतोच. ते उघडंच होतं आणि पलीकडे गाड्यांचे दिवे धावत होते. तो रस्ता ओलांडला की अजमेर रोड फार लांब नाही.

मी ईशाला फोन लावला. ती स्कूटी घेऊन आली, गेटाबाहेर दोन्हीकडे बघून आली, तोंड पांढरं पडलेलं. "आजी, बाहेर नाही दिसत. पप्पांना फोन केलाय, निघालेत ते." राठोडजी गोल रस्त्यावर धावत होते, त्यांच्या वयाला न शोभेल असं. चालायला आलेले लोक विचारत होते, क्या हुआ, कौन है, क्या पहना था? कुणी म्हणत होतं नाव घेऊन पुकारा. नाव घेऊन काय पुकारू? नाव त्यांचं उरलंय का? तरी लोक पुकारत होते. पार्कभर ह्यांचं नाव ऐकू येत होतं आणि मला वाटत होतं, हे नाव कुणा दुसऱ्याच माणसाचं आहे.

उजेड जात चालला होता. मी पिंपळाखाली उभी राहिले. वर नुसता कल्लोळ. कानात काही शिरत नव्हतं. आणि मग तो कल्लोळ थांबला. एकदम.

खरं सांगते, मी काही ठरवलं नाही. डोक्यात काही आलं नाही. पाखरं गप्प झाली आणि माझ्या तोंडून हाक गेली. पहिली हाक. लहानपणी सोडलेली, इतक्या वर्षांत एकदाही तोंडातून न निघालेली. म्हातारा आवाज, फाटका. पण सूर तोच.

लॉनवरची माणसं वळून बघायला लागली. ईशा म्हणाली, "आजी? क्या हुआ?"

आणि ओ आली.

लांबून, नर्सरीच्या बाजूने. लांब गेली… आणि शेवटी मोडली. उचकी लागल्यासारखी, वर.

माझ्या अंगावरचे केस उभे राहिले असं लिहायची पद्धत आहे. माझं तसं काही झालं नाही. मला ते अगदी रोजचं वाटलं. ओ आली, दादा वर आहे, बघतोय, आता चालायला लागायचं. मी सरळ चालायला लागले. लॉन तुडवत, नर्सरीच्या कुंड्यांमधून, वाट नसलेल्या ठिकाणातून. ईशा मागून म्हणत होती, "कोणीतरी ओरडलं ना? आजी, कोण होतं?" आणि राठोडजी धापा टाकत म्हणाले, "मोर है, बेटा. मोर बोला."

दोरीपलीकडे तो सिमेंटचा हत्ती. आणि हत्तीच्या पाठीवर आमचे हे. मांडी घालून, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. एखाद्या संस्थानिकासारखे.

"अहो, काय करताय तिथे?"

"राखण."

"उतरा खाली."

"आता उतरतो. ओ आली ना आत्ता."

"तुम्ही दिलीत ओ?"

माझ्याकडे असं बघितलं की मीच अडाणी. "मी कशाला देऊ? पलीकडच्याने दिली."

पलीकडे पार्कची भिंत आहे. भिंतीच्या मागे रिकामा प्लॉट.

ईशा वर चढली, त्यांना धरून एकेक पायरी उतरवलं. खाली आल्यावर ती माझ्या गळ्यात पडून रडली, मुलगा आला तो आधी चिडला आणि मग तोही रडला. राठोडजी दुर्बिणीची काच पुसत होते, कारण नसताना. मी रडले नाही. मी म्हणाले, घरी चला, ह्यांच्या गोळीची वेळ गेलीय. घरी आल्यावर मुलाने गावाकडे फोन करून सगळं सांगितलं. हेही लक्षात ठेवा.

माणूस सापडला. म्हणजे गोष्ट संपायला पाहिजे. पण मला चैन पडेना.

कसं सांगू… गॅस चालू राहिला असं वाटून उठावं आणि गॅस बंद असावा. परत बसावं, परत उठावं. मी दारापर्यंत जायची, कडी बघायची. गॅलरीत जायची, परत यायची. भाकरी थापता थापता थांबायची. काहीतरी अर्धं टाकून आलेय, पण काय ते कळत नव्हतं. सून म्हणाली, "आई, टेन्शनमुळे होतं असं. बीपी बघू या." बीपी चांगलं निघालं. ईशा म्हणाली, "आजी, आबांचं रेस्टलेसपण तुला लागलं काय?" तेवढ्या चार-सहा दिवसांत मी ह्यांच्यापेक्षा जास्त चालले असेन, घरातल्या घरात. ह्यांना मात्र पार्कात नेलं नाही. मुलाने मनाईच केली होती.

मग कल्पनाचा फोन आला. दादाची सून.

"आत्या, आबा बरे हायत नव्हं? मी आपल्या कामासाठी फोन केलाय. तुम्ही मामंजींना काहीतरी सांगा. तुमचं तरी ऐकतील."

"काय झालं?"

"दिवस मावळायला गच्चीवर जाऊन बसत्यात. टाकीपाशी. खालीच येईनात. आम्ही हाका मारतो, पोरं हात धरून वढत्यात, हलत नाहीत. काल दोघांनी उचलून आणलं, तर आमच्या ह्यांच्या हाताला चावले. आत्या, मामंजी चावतील असं वाटलं होतं का कधी? आणि वर दंव पडायला लागलंय. गळ्याचं भोक उघडं. डॉक्टर म्हणले, गार वारं आत गेलं, न्यूमोनिया झाला, तर या वयात मला काही सांगता येणार नाही."

"वर बसून करतो काय?"

"काय करत्यात, रानाकडं बघत बसत्यात. मी म्हणलं, मामंजी, बघायला हाय काय तिथं? ज्वारी आत्ताशी वीतभर. पाखरू नाही अजून. तर हातानं गप म्हणत्यात मला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कधीपासून चाललंय हे?"

"आबा हरवले त्याच दिवसापास्नं."

"मग ते ऐकून लागलं असेल त्याच्या मनाला."

"न्हाई ओ आत्या. तुमचा फोन आला तवा मामंजी आधीच वर होते. मी फोन घेऊन वरच गेले सांगायला. बराच वेळ झाला होता त्यांना बसून. मी पहिल्यांदा चिडले ती त्याच दिवशी, माझ्या ध्यानात हाय की."

मी खाली बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बसले. काय अर्धं राहिलं ते कळलं होतं.

हे सापडल्यावर मी घरी आले. सगळे घरी आले. पण बांधावरून हाक कुणी दिली? मी तिसरी हाक दिलीच नव्हती.

मी हे कल्पनाला सांगितलं नाही. चौथी शिकलेली असले तरी मला माहीत आहे की जयपूरच्या पार्कातून मंगळवेढ्याला ऐकू जात नाही. मी तिला म्हणाले, "फोन त्याच्या कानाला लाव, मी बोलते." ती वर गेली. झटापट ऐकू आली, मग ती म्हणाली, "फोन ढकलून दिला बघा. टाकीत पडला असता."

"बरं. त्याच्या गळ्याला मफलर गुंडाळ आणि बस त्याच्याशेजारी," मी म्हणाले, आणि चपला घातल्या.

"आजी, कुठे? पप्पा नको म्हणालेत," ईशा म्हणाली.

"तू चल बरोबर. आबांनाही घे. हात सोडू नकोस त्यांचा."

पार्कात गेलो तर पिंपळ रिकामा. एक भोरडी नाही. चार साळुंक्या आणि एक पोपट. राठोडजी बाकावर एकटेच, दुर्बीण मांडीवर.

"चले गए, भाभीजी," ते म्हणाले. "कल सुबह पूरा झुंड उठा और गया. दक्खन की तरफ. आपके देश."

आता त्या शांततेची वाट बघण्यात अर्थ नव्हता. कल्लोळच नाही तर शांतता कसली? आजूबाजूला चालणारे होते, एका बाजूला बायकांचा योगा चालला होता. मी पिंपळाखाली उभी राहिले. मला लाज वगैरे वाटली नाही, पण मनात म्हटलं, ईशाच्या मैत्रिणी नसाव्यात कुणी इथे. हे माझ्याकडे बघत होते. ईशाने त्यांचा हात घट्ट धरला होता.

मी तिसरी हाक दिली. आखूड असते ती. खालून वर, आणि तिथेच सोडायची.

योगावाल्या बायकांतली एक पडली. ओ आली नाही. येणारच नव्हती, तिसरीला ओ नसते. म्हणजे ऐकली की नाही ते कळायला मार्ग नाही, हेही मला तिथे उभं राहिल्यावरच सुचलं. लहानपणी कधी सुचलं नव्हतं. तेव्हा आपण हाक दिली म्हणजे ती पोचलीच, असं धरून चालायचं.

राठोडजी उठून जवळ आले. "भाभीजी, सब ठीक?"

"ठीक," मी म्हणाले. "एक काम बाकी था."

हे म्हणाले, "झालं? चला मग घरी." आणि ईशाला घेऊन स्वतःच गेटाकडे वळले. पुढच्या गेटाकडे. हेही मी नवल म्हणून सांगत नाही, त्यांना कधी कधी बरोबर गेट आठवतं.

घरी येऊन मी फोनसमोर बसले. मी स्वतः फोन करणार नव्हते. मी काही विचारलं असतं तर कल्पनाने मला बरं वाटेल असं काहीतरी सांगितलं असतं, आणि मला ते नको होतं. ताटं घेत होतो तेव्हा तिचाच फोन आला.

"आत्या, तुम्ही काय केलं? देवाला बोलला काय?"

"मी कशाला देवाला बोलू? काय झालं ते सांग."

"मी मफलर घेऊन वर गेले तर मामंजी जिन्यात. आपले आपण उतरत होते. खाली आले, हात-पाय धुतले, आणि ताटावर बसून हातानं भाकरी मागितली. दोन खाल्ल्या. आता घोरत्यात."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्या लक्षात आलं की मीही त्या दिवशी गॅस बघायला उठले नाही.

आता तुम्ही म्हणाल तसं मीच आधी म्हणून बघितलंय. हे हत्तीवर का चढले, ते मला ठाऊक आहे — मीच माळ्याची गोष्ट सांगितली होती आणि त्यांच्या डोक्यात ती कुठेतरी चिकटली. त्यात नवल नाही. ओ जी ऐकू आली तो मोर होता, राठोडजी म्हणतात तसं. असेल. मोराचा आवाज लांब जातो आणि मोडतोही. ईशा म्हणते, भिंतीमागच्या प्लॉटवर कुणी मजूर असेल, तुझी हाक ऐकून गंमत केली असेल. असेल. राठोडजींनी असंही सांगितलं की मैनेच्या जातीची पाखरं, म्हणजे भोरड्याही, ऐकलेला आवाज काढून दाखवतात. मी म्हणाले, मग त्यांनी दादाचा आवाज ऐकला कुठे? ते म्हणाले, "आपके खेत में, भाभीजी." आणि हसले. मग हसायचे थांबले.

म्हातारा माणूस गच्चीवर का जाऊन बसतो, याचीही कारणं असतील. आणि का उतरतो, त्याचीही. पण मी पहिली हाक दिली त्याच संध्याकाळी चढला, आणि तिसरी दिली त्याच संध्याकाळी उतरला… याचं कारण मला कुणी दिलेलं नाही. मी डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी माझंच बीपी बघितलं.

दिवाळीनंतर मुलाने मला गावी नेलं. दादा दारातच बसला होता, गळ्याला कल्पनाचा मफलर. आम्ही दोघं पडवीत बसलो, मी शेंगा सोलत होते, तो दाणे खात होता. पलीकडे ज्वारी गुडघ्याला आली होती. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, बोलणारी मी एकटीच. मी सगळ्या घरच्यांना आत जाऊ दिलं आणि मग सरळ विचारलं. मला आडून आडून विचारता येत नाही.

"दादा, त्या दिवशी माझी हाक ऐकलीस का तू? ओ तू दिलीस?"

त्याने हातातले दाणे खाली ठेवले. मग शेंगांच्या सुपावर बोटाने दोनदा टिचकी मारली. टक, टक. आणि परत दाणे खायला लागला.

दोन म्हणजे हो की नाही, ते आमचं कधी ठरलेलंच नव्हतं. मी परत विचारलं नाही.